ब्रिटिश काळातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या टोप्या जमवायच्या आहेत, खरी-खोटी कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न असा की ब्रिटिशांच्या काळातल्या आर्मी ऑफिसरांच्या टोप्या जमवायला सुरुवात कुठून करायची, आणि जुन्या बाजारात दाखवतात ती टोपी खरंच तेवढी जुनी आहे की नाही हे कसं कळणार. मी बरीच वर्षं यात आहे, पण फक्त ब्रिटिश इंडियन आर्मीच्या सोला टोप्या (उन्हासाठीच्या जाड, हलक्या टोप्या) आणि पीक कॅप (पुढे छज्जा असलेल्या कापडी टोप्या), त्यामुळे तेवढ्यावरच बोलतो.

टोपी हातात आली की आधी उलटी करा. विकणारा तुम्हाला पुढचा बॅज दाखवणार, वरची झळाळी दाखवणार, पण तिची खरी माहिती असते ती आतल्या बाजूला. कारण असं की साध्या शिपायाला टोपी सरकारी स्टोअरमधून मिळायची, ऑफिसर मात्र ती स्वतःच्या पैशाने चांगल्या दुकानातून करून घ्यायचा. म्हणून शिपायाच्या टोपीत सरकारी शिक्का सापडतो, रुंद बाणाची खूण, भारतातल्या मालावर त्यासोबत इंग्रजी 'आय' अक्षर, आणि ऑफिसरच्या टोपीत कपाळाला लागणाऱ्या चामड्याच्या पट्टीवर किंवा वरच्या रेशमी अस्तरावर दुकानाचं नाव सोनेरी छापलेलं असतं. हे नाव नुसतं वाचून सोडू नका, पत्ता पण वाचा. उदाहरणार्थ लंडनचे हॉक्स अँड कंपनी, हे आधी पिकॅडिलीत होते आणि 1912 च्या सुमारास सॅव्हिल रोच्या 1 नंबरात गेले, म्हणजे पत्ता सॅव्हिल रोचा असेल तर ती टोपी बोअर युद्धातली, म्हणजे 1899 ते 1902 मधली, असू शकत नाही, विकणारा कितीही शपथा घेवो. आणि 'गीव्हज अँड हॉक्स' असं जोडनाव दिसलं तर माल 1974 च्या पुढचा, कारण दोन कंपन्या एक झाल्याच तेव्हा.

आता सोला टोपीचं. सोला म्हणजे बंगालच्या दलदलीत उगवणारी शोला नावाची वनस्पती, तिच्या खोडाचा आतला पांढरा गाभा थर चिकटवत साच्यावर बसवायचे आणि वरून खाकी कापड चढवायचं. खरी सोला टोपी पहिल्यांदा हातात घेतली की माणूस दचकतोच, इतकी हलकी असते. एवढी जाड दिसणारी वस्तू आणि हाताला वजनच लागत नाही. वोल्सली पॅटर्नच्या टोप्या, म्हणजे मागे मान झाकणारी रुंद कड असलेल्या, बऱ्याचदा कॉर्कच्या असायच्या, त्या थोड्या जड, पण त्याही बऱ्यापैकी हलक्या. हल्ली बाजारात ज्या येतात त्या फायबर नाहीतर दाबलेल्या पुठ्ठ्याच्या, व्हिएतनाममध्ये बनलेल्या किंवा आपल्याकडे मेरठ साइडला युद्धाचे देखावे करणाऱ्या परदेशी हौशी लोकांसाठी बनवलेल्या. बनवणारे जुनी म्हणून फसवत नाहीत, ते नवीन म्हणूनच विकतात, पुढे दोन-तीन हात बदलले की मग ती 'आजोबांची' होते. टिचकी मारून बघा, फायबरचा आवाज कडक येतो आणि सोल्याचा बसका येतो. कडेच्या शिलाईत एखादी जागा उसवलेली असेल तर तिथून आतला थर दिसतो, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कपाळपट्टी आणि टोपीची भिंत यांच्यात हवा खेळायला फट ठेवलेली असते, बारीक तुकडे लावून, आणि माथ्यावरच्या बटणाखाली हवेचं भोक असतं. नकलीत बटण असतं पण खाली भोकच नसतं असं मी स्वतः पाहिलंय.

बॅजच्या बाबतीत मुकुट बघायला शिका, खूप उपयोग होतो. 1902 ते 1952 या काळातल्या राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोल फुगीर असतात, आणि 1953 नंतरच्या राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. आपल्या आर्मीने तर 26 जानेवारी 1950 ला मुकुट काढून अशोकस्तंभाचे सिंह घेतले. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातली इंडियन रेजिमेंटची टोपी म्हणून विकायला ठेवलीय आणि बॅजवर दबका मुकुट आहे, तर तिथूनच परत फिरा. सर्व्हिस ड्रेसवरचा, म्हणजे नेहमीच्या खाकी गणवेशावरचा, ऑफिसरचा बॅज बहुतेक काळपट तपकिरी ब्राँझ फिनिशचा असतो, शिपायाचा चकचकीत पितळी किंवा पांढऱ्या धातूचा. आणि कृपा करून तो ब्रासोने घासू नका. शंभर वर्षांचं ते फिनिश एका दुपारी निघून जातं, परत येत नाही, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक लक्षात घेतात. ऑफिसर म्हटलं की सगळ्यांना गोरा साहेब आणि टोपी आठवते, पण सुभेदार, जमादार हे व्हाइसरॉय कमिशनवाले, म्हणजे व्हाइसरॉयकडून हुद्दा मिळालेले, आपले लोक होते आणि ते बहुतेक डोक्याला पगडी-फेटा बांधायचे. ते फेटे आज सापडत नाहीत, कारण कापड होतं, घरी कामाला आलं, फाटलं, संपलं. साहेबाची टोपी पत्र्याच्या डब्यात जपली गेली. त्यामुळे एखाद्या फौजी घरात जुना फेटा, नावासकट, फोटोसकट मिळाला तर माझ्या मते तो दहा वोल्सलींपेक्षा मोलाचा, बाजारात त्याला भाव नसला तरी.

तो पत्र्याचा डबा पण सोडू नका. काळं किंवा तपकिरी रोगण दिलेला, टोपीच्याच आकाराचा, आणि झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, रेजिमेंट हाताने रंगवलेलं. विकणारे डबा वेगळा विकतात आणि टोपी वेगळी, म्हणून दोन्ही एकाच जागी दिसली तर एकत्रच मागा. नाव मिळालं की 'इंडियन आर्मी लिस्ट'चे, म्हणजे ऑफिसरांच्या छापील यादीचे, जुने खंड स्कॅन होऊन नेटवर फुकट आहेत, ब्रिटिश सरकारचं राजपत्र 'लंडन गॅझेट' पण फुकट शोधता येतं, त्यात त्या माणसाचं कमिशन कधी झालं, बढती कधी, कुठल्या पलटणीत, सगळं हळूहळू जुळत जातं. मला या छंदात सगळ्यात जास्त हेच आवडतं, नाहीतर नुसत्या टोप्या शोकेसमध्ये ठेवून काय करायचं.

कुठे शोधायचं म्हणाल तर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारची मटन स्ट्रीट. पण पहिले काही महिने नुसतं बघा, घेऊ नका. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या वेबसाइटवर खऱ्या वस्तूंचे फोटो आहेत, ते डोळ्यांत बसू द्या. जर्मन नाझी टोप्यांच्या नादी तर लागूच नका, त्यात नकली इतकं मुरलंय की जाणते फसतात, आणि घरात ठेवावी अशी ती वस्तू मला तरी वाटत नाही.

सांभाळायचं म्हणजे आपल्याकडे पावसाळा हा मुख्य शत्रू. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं की आत दमटपणा कोंडून बुरशी येते, त्यापेक्षा ॲसिड-फ्री टिश्यू पेपरचे (आम्ल नसलेल्या मऊ कागदाचे) गोळे आत भरून आकार धरून ठेवा आणि सुती कापडात गुंडाळा, जवळ सिलिका जेल. लोकरीच्या पीक कॅपला कसर लागते, दर महिन्याला बाहेर काढून बघायचीच. कपाळपट्टीचं चामडं कडक झालंय म्हणून खोबरेल तेल चोळू नका, तेल अस्तरात उतरतं आणि तो डाग जन्मभर राहतो.

शेवटी कायद्याचं. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरातन धरली जाऊ शकते, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या टोप्या आता त्यात येतात. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायचा तर लायसन्स लागतं. परदेशातला कोणी चांगली किंमत देतो म्हणाला तरी कुरिअर करू नका. टोपी त्याहून नवी आहे आणि बाहेर पाठवायचीच आहे, तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरातन नसल्याचं सर्टिफिकेट घ्या.