शेती सोडलेल्या वडिलांना चालतं-फिरतं ठेवायचंय, कोणतं घड्याळ घेऊ?

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे, पुसदजवळच्या गावात राहतात. दोन वर्षांपासून शेत मक्त्यानं दिलंय. त्यांचं रोजचं चालणं आणि तब्येत मला पुण्यातून पाहता यावी म्हणून कोणतं स्मार्ट घड्याळ घ्यावं? रोज १०,००० पावलं ठेवली तर चालेल का?

उत्तर:

घड्याळ सध्या घेऊ नका. पाठ टेकायची खुर्ची, शंभर पानी वही आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, पहिले सहा महिने एवढं पुष्कळ आहे.

‘शेत मक्त्यानं दिलंय’ हे तुमचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. माझ्या थोरल्या भावाचं हेच झालं. त्याचं एकच पालुपद, "जन्मभर वावरात राबलो, मले व्यायाम काऊन पाह्यजे?" मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचो आणि या एका वाक्यावर आमचे किती वाद झाले त्याला हिशेब नाही. माझं मत ठाम आहे. चाळीस वर्षांच्या राबण्याची शिल्लक शरीरात राहत नाही, स्नायूला गेल्या दोन-तीन महिन्यांचंच काम कळतं. पेरणी, निंदण, डवरणी, सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी आणि तूर-हरभरा, असं जून ते फेब्रुवारी अंग चालतं. मार्च ते मे रिकामे. तिशीत या तीन महिन्यांत गेलेली ताकद पेरणीच्या पंधरवड्यात परत यायची. पासष्टीनंतर ती पुरती परत येत नाही. शेत मक्त्यानं दिलं की हे रिकामे महिने बाराही होतात. सकाळी धुऱ्यावर जाऊन पीक पाहून आलं म्हणजे चालणं झालं, पण मांड्यांना भार काहीच मिळाला नाही.

आणि आधी मांड्याच जातात. पारावरून उठताना गुडघ्यावर हात रेटावा लागतो, जेवून पाटावरून उठताना भिंत धरावी लागते, सायकलच्या दांडीवरून पाय टाकताना सायकल तिरपी करावी लागते. वडिलांच्या बाबतीत यातलं काही दिसतंय का, ते आधी पाहा. हे कोणतंही घड्याळ दाखवत नाही.

भावाची पहिली मोजणी खुर्चीवर झाली, तुम्हीही तिथूनच सुरू करा. बैठक जमिनीपासून १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर उंच हवी. खुर्ची भिंतीला टेकवा, प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. हात छातीवर आडवे बांधायचे, तळवे जमिनीवर सपाट. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. गुडघे पूर्ण सरळ झाले नाहीत तर ते उठणं धरायचं नाही. हाताचा आधार घेतला तर आकडा शून्य, त्यात दयामाया नको. ६५ ते ७४ वयाच्या पुरुषाचा आकडा १२ च्या खाली असेल तर पडण्याचा धोका वाढलेला समजा. बाईसाठी ही रेघ ६५ ते ६९ वयात ११, तर ७० ते ७४ वयात १०. भावाचे आले ९.

ही मोजणी बहुतेक घरांत दोन ठिकाणी चुकते. एकदा खुर्चीवर आणि पुढल्या वेळी खाटेवर मोजलं की उंची बदलते आणि आकडा खोटा वाढतो. दुसरं, कमी आला म्हणून लगेच पुन्हा करायला लावतात, मग दमलेल्या पायांचा आकडा लिहिला जातो. खुर्ची तीच, वेळ सकाळची, महिन्याचा पहिला बाजाराचा दिवस, आणि एकच प्रयत्न.

दुसरी मोजणी चालण्याची. अंगणात ३ मीटरवर चुन्याची रेघ मारा. खुर्चीवरून उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तोल सांभाळण्यावर काम हवं. पायात रोजची चप्पल असू द्या, मोजणीसाठी नवे बूट नकोत.

आता व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. त्याच खुर्चीवर ८ उठबशांचे दोन फेरे, मध्ये दोन मिनिटं बसायचं. दोन आठवड्यांनी तिसरा फेरा. ते सोपं वाटलं की संख्या वाढवू नका, बसताना मनात तीन आकडे मोजत हळू बसा, ताकद तिथं तयार होते. गुडघा दुखत असेल तर बैठकीवर सतरंजीची घडी टाकून उंची वाढवा आणि महिनाभरानं एकेक घडी काढा. मग चौकट धरून १० वेळा टाचा उचलणं, भिंतीजवळ एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून १० सेकंद उभं राहणं. शेवटी दोन हातांत अर्ध्या भरलेल्या दोन बादल्या, प्रत्येकीत साधारण ५ लिटर पाणी, आणि वीस पावलं. दोन दिवस मांड्या ठणकल्या तर हरकत नाही. सांधा सुजला तर थांबा.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. अंतर मोजायचं तर सायकलच्या आरीला चिंधी बांधा, चाकाचा एक फेरा टेपनं मोजा (२८ इंची चाकाचा साधारण २.२ मीटर भरतो) आणि फेरे मोजत दर २०० मीटरला झाडावर चुन्याची खूण करा. मग ६ मिनिटांत कुठल्या झाडापर्यंत पोचलो ते महिन्यातून एकदा लिहायचं. शेजाऱ्याशी तुलना करायची नाही, आपल्याच मागच्या झाडाशी करायची.

मार्चअखेरपासून सकाळी सातच्या आत घरी परतायला हवं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर नकोच, ओसरीत फेऱ्या मारायच्या. पावसाळ्यात पांदण रस्ता पूर्ण सोडा. काळी माती चपलेला धरते, पाय उचलला जात नाही आणि माणूस पुढे तोंडावर पडतो. शाळेचा किंवा समाजमंदिराचा व्हरांडा बरा. पहाटे टॉर्च हवाच, सापांचे दिवस असतात.

१०,००० पावलांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय तपासणीतून नाही. साठीपुढच्यांमध्ये फायदा ६,००० ते ८,००० च्या आसपास स्थिरावतो. शिवाय सायकल हातात धरून चालताना किंवा डोक्यावर ओझं धरून जाताना मनगट हलत नाही, घड्याळ पावलं सोडून देतं. उलट बंडीत किंवा ट्रॅक्टरवर बसलं की धक्क्यांचीही पावलं मोजतं. तरी घ्यायचंच असेल तर मोठे आकडे, आठवडाभर टिकणारी बॅटरी आणि वडिलांच्या फोनशी नीट जुळणारं घ्या. त्यातल्या बीपीवर गोळी ठरवू नका. बीपी दंडाच्या यंत्रानं मोजा, पाच मिनिटं शांत बसून, आणि आधी अर्धा तास चहा नाही, खर्रा (तंबाखू-सुपारी) नाही.

वहीत चार रकाने: तारीख, चालण्याची मिनिटं, व्यायाम झाला की नाही, आणि ‘खाडा का’. खरा उपयोग चौथ्याचा. भावाच्या वहीत चार महिन्यांत ९ चे १३ झाले होते. मग लग्नसराईत पाच आठवडे ‘पाहुणे’, ‘वरात’, ‘उशीर झाला’ एवढंच दिसतं आणि पुढच्या बाजारी आकडा ११. त्याला मी काही बोललो नाही, वही समोर ठेवली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि तरी आपल्याकडे व्यायाम पोरांचा समजतात, भावाचंही तेच होतं. यंदा मार्चमध्ये त्याचे १४ आले, वखराला हात न लावता. आता तो ‘काऊन पाह्यजे’ म्हणत नाही.

जेवणाकडेही पाहा. वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत पाचेक ग्रॅम असतात. अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, मूठभर फुटाण्यांत पाच-सहा. सोयाबीनचे कट्टेच्या कट्टे विकतो आणि घरात सोयाबीनच्या वड्याही शिजत नाहीत, हे मला पटत नाही. पन्नास ग्रॅम वड्यांत २५ ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

हे आधी सांगायला हवं होतं: हृदयाचा त्रास झालेला असेल, छाती भरून येत असेल किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय काहीच सुरू करू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग दबलेला राहतो, तेव्हा नाडीवरून दम ठरवू नका, बोलून पाहा. साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळी चालू असेल तर उपाशीपोटी निघायचं नाही, खिशात साखरेची पुडी ठेवायची आणि परत आल्यावर तळपाय पाहायचे. पऱ्हाटीचं (कपाशीचं) खुंट रुतलेलंही कळत नाही कित्येकांना. प्रयत्न न करता सहा महिन्यांत तीन किलो वजन उतरलं तर तपासणी करा.

पहिली मोजणी फोनवरून करू नका. पोळ्याला घरी जाल तेव्हा करा, तुम्ही खुर्ची मागून धरा आणि आकडे वडिलांना मोठ्यानं मोजू द्या.