अपघाताच्या जागी जावं का?

"जिथं आपला माणूस गेला, त्या जागी जावं का? गेलं तर सगळं पुन्हा उसळून येईल, नाही गेलं तर रुखरुख राहील." अपघातात घरचं कुणी गमावलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. सरसकट हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही. नागपुरातल्या एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई शाळेत शिकवतात. त्यांचा धाकटा भाऊ दुबईत नोकरीला होता. मित्राच्या घरच्या लग्नासाठी तो मंगळुरूच्या विमानात बसला. २२ मे २०१० च्या पहाटे ते विमान धावपट्टीवर थांबलं नाही, पुढच्या दरीत कोसळलं आणि पेटलं. विमानातल्या १६६ जणांपैकी ८ वाचले. त्यांत हा भाऊ नव्हता.

मृतदेह आणायला घरातले पुरुष गेले. पेटी नागपूरला आली ती बंदच. "बायकांनी बघू नये," असं कुणीतरी म्हटलं आणि ती तशीच घाटावर गेली. अस्थी रामटेकला अंबाळा तलावात दिल्या. पुढची पंधरा वर्षं घरात त्या सकाळबद्दल अवाक्षर निघालं नाही. वर्धा रोडवर विमानं खाली येताना दिसतात म्हणून ताई तिकडचं काम लांबच्या रस्त्याने जाऊन करत.

मग १२ जून २०२५ ला अहमदाबादचा विमान अपघात झाला. टीव्हीवर तीच तीच दृश्यं दिवसभर फिरत होती. जुन्या अपघातांमधली घरं अशा बातमीने किती हादरतात, हे बाहेरच्याला कळत नाही. भावाचा मुलगा मंगळुरूच्या वेळी बालवाडीत होता, आता इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "आत्या, मला बाबा गेले ती जागा पाहायची आहे. आई येत नाही म्हणते. तू चल."

ताई माझ्याकडे आल्या त्या चिडूनच. "तो तिथं जाऊन काय पाहून राहिला, मॅडम? अंबाळ्याला सगळं दिलं की आपण. आता काय उरलंय तिथं?"

मी त्यांना विचारलं, ती जागा तुमच्या डोळ्यांसमोर कशी येते? बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, काळी जमीन, धूर, आणि भाऊ एकटा. आजूबाजूला कुणीच नाही. स्वप्नातही हेच.

मला वाटतं, खरी अडचण इथं होती. बंद पेटीमागे माया होती, यात शंका नाही. पण ज्याला काहीच दाखवलं जात नाही, तो मनाने पाहतो, आणि मनाने पाहिलेलं बहुतेक वेळा जास्त भयंकर असतं. प्रत्येकाला मृतदेह दाखवावाच असं मी म्हणत नाही. पण "तुला बघायचंय का?" एवढं विचारायला तरी हवं. बाईमाणसाला तर हमखास कुणी विचारत नाही.

त्यांनी विचारलं, "असे लोक जातात का हो?" जातात. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रात पडलं, ३२९ जण गेले. तिथं तर उभं राहायलाही जागा नाही, नुसतं पाणी. तरी किनाऱ्यावरच्या अहाकिस्ता गावात स्मारक झालं आणि दर वर्षी नातेवाईक तिथं जमतात.

मग आम्ही तयारीला लागलो. नेमकं कशासाठी जायचं, हे भाच्याने आणि ताईंनी वेगवेगळं लिहिलं. भाच्याने लिहिलं, "बाबा कुठे होते ते कळावं." ताईंनी लिहिलं, "तो एकटा होता का?" दोघांचं कारण एक नव्हतं, ते असावं लागतही नाही. आजचे फोटो आणि नकाशा आधी पाहून घेतला. २२ मे टाळला, कारण त्या दिवशी प्रशासनाचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो, गर्दी असते, कॅमेरे असतात. विमानाने जायचं नाही, हेही ठरलं, कारण ही काही धैर्याची परीक्षा नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोघांपैकी कुणीही कुठल्याही क्षणी "परत जाऊ" म्हणू शकेल आणि दुसरा कारण विचारणार नाही. वहिनींना न्यायचा आग्रह मात्र मी धरू दिला नाही. त्यांचं न जाणं हा पळपुटेपणा नव्हता. त्यांनी त्या दिवशी घरीच पूजा केली.

स्वप्नं, दचकणं, छातीत धडधड फार वाढली असती, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून हा प्रवास मी पुढे ढकलला असता. रात्री-अपरात्री असं काही झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तोही ताईंना देऊन ठेवला होता.

थंडीत दोघं रेल्वेने गेले. आधी फाल्गुनी नदीकाठच्या स्मृतिउद्यानात. ओळख न पटलेल्या मृतांचं दफन तिथंच झालं. ताईंनी त्यांच्यासाठीही फुलं ठेवली. मग विमान पडलं त्या केंजारूकडे, टेकडीखालच्या रस्त्यावर. काळी जमीन कुठेच नव्हती, सगळीकडे गच्च हिरवं. एक गाय चरत होती. एका वयस्कर गृहस्थांनी मोडक्या हिंदीत विचारलं, कुणाचं होतं? आणि सांगितलं की आवाज ऐकून गावातली पोरं तशीच दरीत उतरली होती, पोलिसांच्याही आधी.

"म्हणजे कुणीतरी धावलं होतं, मॅडम," ताई मला फोनवर म्हणाल्या. मग म्हणाल्या, तेवढ्यात वरून एक विमान आलं, मी डोळे मिटले नाहीत, ते नीट उतरलं.

त्यांची स्वप्नं कमी झाली आहेत, थांबलेली नाहीत. भाच्याचं वेगळं सुरू झालंय. परत आल्यावर त्याने चौकशी अहवाल शोधून वाचला. लँडिंग सोडून पुन्हा वर चला, असं सहवैमानिकाने तीनदा सांगूनही कॅप्टनने वेळेत ऐकलं नाही, हे त्यात आहे. वडील टाळता येण्याजोग्या चुकीने गेले, हे त्याला एकोणिसाव्या वर्षी कळलं आणि तो संतापला. घरचे म्हणतात, बघा, नेलं म्हणून झालं. मला तसं वाटत नाही. हा राग त्याच्या वाट्याला कधीतरी येणारच होता, आणि तो आत्याशी बोलतोय हे चांगलं आहे. आता तो स्वतःच माझ्याकडे येतो. अहवालातली पानं छापून आणतो, एकेक ओळ दाखवतो, आणि आम्ही त्यावर बोलतो.