गोट्या पडद्यामागे का जातो

पत्र असं आहे :

ताई, महिन्यापूर्वी आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आणलं, गोट्या. आणलं तेव्हा दोन महिन्यांचा होता, आता तीनचा झालाय. त्याचं सगळं मी करते. पहाटे उठून बाहेर नेणं, खाणं, लसी, फरशी पुसणं, व्हिडिओ बघून सिट-स्टे शिकवणं, सगळं. नवरा संध्याकाळी येतो आणि त्याच्याबरोबर लोळतो, बस. तरी हा नवऱ्याच्याच मागे! माझ्याबरोबर अर्धा अर्धा तास बाहेर फिरतो, शू नाही, शी नाही, आणि घरात आलो की पाच मिनिटांत हॉलमधल्या पडद्यामागे जाऊन करून ठेवतो. नवऱ्याबरोबर मात्र खाली उतरल्या उतरल्या करतो, आणि नवरा तर मोबाईलमध्ये डोकं घालून उभा असतो. मी मारत वगैरे नाही, ओरडते फक्त. त्याला कळतंही, लगेच कान पाडतो, नजर चोरतो, म्हणजे चूक माहीत असते ना? शू-शीला खाली नेणं सोडलं तर लसी पूर्ण होईपर्यंत कुठे नेत नाहीये, कोणाला भेटवत नाहीये. त्याने माझ्यावर डूख धरलाय का? ट्रेनर लावू का? घरचे म्हणतात झेपत नसेल तर परत देऊन टाक.

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पडद्यापाशीच थांबले. तू ते एका ओळीत उरकलंयस, पण सगळं उत्तर तिथेच आहे.

तीन महिन्यांच्या पिल्लाला लाज नसते. न घाबरलेलं पिल्लू भर हॉलमध्ये, तुझ्या पायाशी, तुझ्याकडे बघत बघत शू करतं आणि शेपूट हलवत खेळायला जातं. पडद्यामागे जायला त्याला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते तू शिकवलंयस. मुद्दाम नाही, पण तूच. तो करत असताना तू बघितलंस, ओरडलीस, आणि त्याच्या डोक्यात एवढंच बसलं की हिच्यासमोर हे करायचं नाही. घरात नाही बाहेर करायचं, हे तुला शिकवायचं होतं, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. जागा कुठली हा प्रश्नच नाहीये त्याच्यासाठी, तू बघतेयस की नाही एवढाच प्रश्न आहे.

आता तुझी सकाळ त्याच्या बाजूने बघ. पट्ट्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला तू, आणि तू सारखी त्याच्याकडे बघतेयस, कर ना, कर ना. अर्धा तास तो बिचारा रोखून धरतो. घरी येतो, तू पट्टा काढतेस, वळतेस, आणि मगच तो सुटतो. नवऱ्याबरोबर लगेच का करतो याचंही उत्तर तूच लिहिलंयस, नवरा मोबाईलमध्ये असतो, त्याच्याकडे बघत नाही. म्हणजे बाहेर करायचं असतं हे गोट्याला जमतं. हट्ट कसला आणि डूख कसला, तो तुला घाबरतो.

आणि ते कान पाडणं. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधिकेने २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. मालकाने कुत्र्याला खाऊ खायचा नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे मालकाला सांगितलं जायचं, कधी खरं, कधी खोटं. 'अपराधी' चेहरा कुत्र्याने खरंच खाल्लं होतं का यावर ठरत नव्हता, मालक रागावला की तो यायचा. काहीच न केलेली कुत्रीसुद्धा रागावल्यावर तस्साच चेहरा करत होती. तेव्हा कान मागे, नजर चुकवणं, ओठ चाटणं, अंग चोरणं याचा अर्थ माझं चुकलं असा लावू नकोस. तुझा राग शांत व्हावा म्हणून करतोय तो ते. तुला ते उलट वाटलं आणि तू अजून ओरडलीस.

तू राबतेयस हे मला दिसतंय. पण तुझ्या पत्रात सगळा हिशोब तुझ्या कष्टांचा आहे आणि गोट्याला त्यातलं काही कळत नाही गं, त्याला तुझा आवाज कळतो. नवरा फरशी पुसत नाही हे वाईटच, ते त्याच्याशी भांडून सोडव, पिल्लाशी नको.

मी हे सगळं एवढं ठामपणे का सांगतेय, तर आमच्या घरी हेच झालं होतं. आमची पहिली कुत्री लहान असताना मी ओली फरशी दिसली की तिला तिथे ओढत न्यायचे आणि रागवायचे, तेव्हा सगळे तसंच सांगायचे. झाल्यावर मिनिटभराने रागावलं तरी कुत्र्याला त्याचा त्या शूशी संबंध लागत नाही हे मला फार उशिरा कळलं. ती अकरा वर्षं जगली. अकरा वर्षं रोज बाहेर मी पाठ फिरवली की मगच बसायची, आजारपणात पाय थरथरायचे तरी आधी मान वळवून माझ्याकडे बघायची, मी बघतेय का. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तुझ्या हातात अजून वेळ आहे, पण फार नाही. साधारण तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जग ओळखतं, काय बरं आणि काय धोक्याचं हे ठरवतं. गोट्यासाठी ते दार आता बंद होत आलंय आणि या दिवसांत त्याला जवळून दिसणारं मुख्य माणूस तू आहेस. घरात कोंडून ठेवणंही आता बास. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून जिथे अनोळखी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नको, पण उचलून घेऊन जा की. छत्री, हेल्मेट, गाड्यांचे आवाज, लहान मुलं, दाढीवाला माणूस, सगळं तुझ्या कडेवरून बघू दे. लसी झालेली शांत कुत्री घरी येऊ देत. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यांची संघटनासुद्धा सांगते की पहिल्या लसीनंतर किमान सात दिवस गेले की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू ट्रेनिंग क्लासला नेता येतं. तुझ्या व्हेटला विचार, आजच.

पण हे सगळं नंतर. ट्रेनर नको, परत देणं तर नकोच, तो शब्द घरात परत काढू नको. एकच गोष्ट कर. उद्यापासून पंधरा दिवस गोट्यावर एकदाही ओरडायचं नाही. नो नाही, हात आपटणं नाही, ते डोळे वटारणंसुद्धा नाही. पडद्यामागे काही सापडलं तर तो दुसऱ्या खोलीत असताना गप्प पुसून टाकायचं, एन्झाइमवालं क्लीनर वापर, अमोनियावालं नको, त्याच्या वासाने तो परत तिथेच जाईल. पडदा काढून टाकू नको लगेच, तो कपाटामागे जाईल फक्त. झोपेतून उठला, खाल्लं, खेळून झालं की लगेच बाहेर न्यायचं. लांब पट्टा घ्यायचा, एका जागी उभं राहायचं आणि त्याच्याकडे बघायचं नाही. झाडाकडे बघ, आकाशाकडे बघ. त्याचं संपलं की त्याच क्षणी, घरी जाऊन नाही, तिथल्या तिथे, हळू आवाजात शाबास म्हणायचं आणि नखाएवढा खाऊ त्याच्या तोंडापाशी धरायचा. वाकून अंगावर जाऊ नको, खाली बस.

पहिले तीन-चार दिवस काही होणार नाही. तो कोरडाच घरी येईल आणि पडदा गाठेल, तुझ्या पोटात संताप उसळेल. तेव्हा बाल्कनीत जाऊन उभी राहा, पण तोंड उघडू नको.

पंधरा दिवसांनी मला एवढंच लिही, की तू बघत असताना गोट्या बाहेर बसला का. सिट-स्टेचं आपण त्यानंतर बोलू.