विश्वस्त म्हणतात, आधी हस्तलिखित दाखवा

एका दिवंगत मठाधिपतींचं चरित्र लिहिताय, निवडणुकीच्या राजकारणातही ते होते, आणि विश्वस्त म्हणतात की हस्तलिखित दाखवल्याशिवाय पत्रव्यवहार मिळणार नाही. अहो, अगदी माझीच कथा!

माझ्या वेळची संस्था कोणती ते विचारू नका. कार्यवाह गोड बोलायचे, चहा हटकून यायचा, कपाटाची किल्ली मात्र अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष कायम दौऱ्यावर. अखेर लाल फडक्यातलं दप्तर सोडलं गेलं. फोटो काढायचा नाही, समोर कारकून बसलेला, पेन्सिलीने काय ते उतरवून घ्या. घेतलं. पुस्तक छपाईला निघालं तेव्हा पत्र आलं की उतारे आधी मंडळापुढे ठेवा. मंडळाची बैठक काही लागेना. सरळ नकार दिला असता तर भांडता तरी आलं असतं. ही मंडळी ‘नाही’ म्हणतच नाहीत!

माझं मत विचाराल तर हस्तलिखित अजिबात देऊ नका. फार तर उतारे तपासायला द्या, तेही पोच घेऊन, मुदत घालून. आणि महाराजांना आलेल्या पत्रांवरचा स्वामित्वहक्क कपाटाच्या मालकाचा नसतो. तो लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. त्या वारसांना गाठा. (मी वकील नाही. छापण्याआधी वकिलाला दाखवाच, कारण मृत व्यक्तीच्या बदनामीवरूनही खटला होऊ शकतो.)

तोवर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासाच्या बदल अर्जांच्या (विश्वस्त वगैरे बदलले की नोंदीसाठी करतात त्या अर्जांच्या) नकला मागा. गादीवरून वाद झाला असेल तर दोन्ही बाजूंचं म्हणणं तिथे सापडण्याची शक्यता बरीच.

विरोधकांचे कागद वाचाच, पण त्यांच्यावरही विसंबू नका. पंडिता रमाबाईंचं बघा. शारदा सदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा; तिथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवतात, असा आरोप झाला. 1893 च्या त्या वादात ‘केसरी’ने त्यांना झोडपलं, रानडे-भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तेवढंच वाचलं तर बाई मिशनऱ्यांच्या हातचं बाहुलं वाटतात. राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार छापला. त्यात त्याच बाई, इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माबाबत त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टर जेराल्डिनशी धर्ममतांवरून कडाक्याचं भांडतात. भक्त असोत की टीकाकार, कुणाच्याच सोयीचं नाही ते. तुमच्या महाराजांचंही असं काहीतरी त्या कपाटात असणार, म्हणून तर किल्ली मिळत नाही.

आणि हो, नकलेच्या मागे दप्तर क्रमांक त्याच दिवशी लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की राहतंच.