सूर्यापासून इतक्या दूर असूनही गुरूच्या आयो या चंद्रावर जागृत ज्वालामुखी कसे?

आयोवरील ज्वालामुखींना लागणारी उष्णता सूर्याकडून येतच नाही. गुरूच्या भरती-ओहोटीच्या बलामुळे आयोच्या पोटातील खडक सतत दाबले-ताणले जातात आणि त्या घर्षणातून ती तयार होते. गुरूच्या गॅनिमीड या चंद्राची एक फेरी होते तेवढ्यात युरोपा या चंद्राच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या पूर्ण होत असल्यामुळे हे दोन शेजारी त्याला ठरावीक लयीत ओढत राहतात व त्याची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ देत नाहीत. परिणामी साधारण साडेबेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत गुरूचे ओढबल कमी-अधिक होते आणि आयोची घन जमीन शंभर मीटरपर्यंत वर-खाली होते. पृथ्वीवर समुद्राचे पाणीसुद्धा भरतीला इतके चढत नाही. लोखंडी तार एकाच जागी भराभर वाकवली की तिथे बोटाला चटका बसतो, तसाच हा प्रकार आहे. खगोलशास्त्रज्ञ स्टॅन्टन पील व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मार्च १९७९ मध्ये हे भाकीत प्रसिद्ध केले आणि आठवडाभरातच व्हॉयेजर-१ यानाने टिपलेल्या छायाचित्रात मोहिमेतील अभियंत्या लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर उद्रेकाचा प्रचंड फवारा दिसला. विज्ञानात भाकीत इतक्या लवकर खरे ठरणे विरळाच. मात्र ही उष्णता आयोच्या आत नेमकी कोणत्या थरात निर्माण होते, हे अजून ठरलेले नाही: पृष्ठभागाखाली शिलारसाचा सलग महासागर असावा असे पूर्वी अनेकांना वाटे, परंतु २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जूनो यानाच्या गुरुत्व-मोजणीनुसार असा उथळ महासागर तिथे नसावा.