कपॅसिटर बँकेला हात लावण्याआधी

कपॅसिटर बँक म्हणजे चार्ज साठवणाऱ्या कपॅसिटरांचा एकत्र जोडलेला संच. व्होल्टेजच्या आकड्याआधी त्यात साठलेली ऊर्जा काढा: अर्धा गुणिले धारिता (कपॅसिटन्स) गुणिले व्होल्टेजचा वर्ग. समजा बँक 1 मायक्रोफॅरड, 10 किलोव्होल्टची आहे, म्हणजे 50 ज्यूल. छातीतून गेले तर जीव घ्यायला पुरेसे. व्होल्टेज दुप्पट केलंत की ऊर्जा चौपट होते, नवखे फसतात ते इथेच.

ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे पुरवठा तोडल्यावर साठलेला चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर, टर्मिनलांवर कायमचा जोडलेला हवा. या बँकेला 10 मेगओहम चालेल. 50 व्होल्टखाली यायला साधारण 53 सेकंद लागतात. पण पाव वॅटचा एकच रेझिस्टर लावू नका, त्याची मर्यादा बहुधा 250 व्होल्टच असते आणि वरून ठिणगी उडी मारते. 1 मेगओहमचे दहा सिरीजमध्ये घ्या. प्रत्येकावर 1000 व्होल्ट आणि 1 वॅट येतो, म्हणून 2 वॅटचे आणि 1000 व्होल्टच्या बरेच वरचे रेटिंग असलेले निवडा.

ब्लीडर तुटलेला असू शकतो हे धरूनच चाला. पुरवठा तोडा, थांबा, रेझिस्टर बसवलेल्या डिस्चार्ज काठीने टर्मिनल जोडा, मग जाड तारेने शॉर्ट करा. स्क्रूड्रायव्हर नको, कृपया! धातू वितळून उडतो, कपॅसिटरही आतून खराब होतो. साधा मल्टिमीटरही इथे लावायचा नाही, हाय व्होल्टेज प्रोबच हवा.

शॉर्टची तार काढून घेतली तर डायइलेक्ट्रिकमध्ये (कपॅसिटरच्या पट्ट्यांमधल्या विद्युतरोधक थरात) मुरलेला चार्ज पुन्हा टर्मिनलवर येतो. काम संपेपर्यंत ती तिथेच राहू द्या, कपाटात ठेवतानाही.