ई-बुक रीडरची बॅटरी अचानक लवकर का संपू लागते?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून राजारामपुरीत राहतो. गुडघेदुखीमुळे करवीर नगर वाचन मंदिरात जाणे कमी झाले, तेव्हापासून ई-बुक रीडरवर रोज सुमारे तीन तास वाचतो. पूर्वी एकदा चार्ज केले की दहा-बारा दिवस पाहावे लागत नसे. गेल्या आठवड्यात मुलाने दीडशे पुस्तके एकदम भरून दिली आणि आता चार दिवसांतच बॅटरी संपते. सगळ्या सोयी बंद करून टाकाव्यात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सगळ्या सोयी बंद करण्याची मुळीच गरज नाही, यंत्राला झोपू न देणारी सोय कोणती, एवढे मात्र ओळखायला हवे. ई-बुक रीडरच्या ई-इंक (इलेक्ट्रॉनिक शाई) पडद्यातील काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या भाराने एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात. त्यामुळे वीज लागते ती पान उलटताना, आणि आपण ते पान वाचत असतो तेवढा वेळ प्रोसेसरही विश्रांती घेतो. २०२१ च्या किंडल पेपरव्हाइट या ई-बुक रीडरची बॅटरी एका चार्जमध्ये दहा आठवडे चालते असा दावा केला गेला, तोही रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद आणि मध्यम प्रकाश असे धरून. म्हणजे एकूण पस्तीस तास. आपल्या तीन तासांच्या हिशेबाने ते साधारण बारा दिवस होतात, तेव्हा आपले यंत्र पूर्वी उत्तमच चालत होते.

आताचे कारण बहुधा त्या दीडशे पुस्तकांतच आहे. शोधाची सोय देण्यासाठी यंत्र प्रत्येक नव्या पुस्तकातील शब्दांची सूची तयार करते, आणि ते काम संपेपर्यंत पडदा मिटलेला असला तरी आत जागेच राहते. एखादी फाइल सदोष असली तर सूचीचे काम तिथेच अडकून पडते आणि बॅटरी दिवसरात्र खर्च होत राहते. यंत्र एक-दोन रात्री चार्जरला लावून ठेवावे. नंतर शोधाच्या चौकटीत ‘कखगघ’ असा निरर्थक शब्द टाकून पाहावा. काही यंत्रांत सूची न झालेली पुस्तके त्यामुळे समोर येतात. अडकलेले पुस्तक काढून त्याची चांगली प्रत घालावी, आणि पुढे पुस्तके दहा-पंधराच्या गटाने भरावीत.

वाय-फाय पुस्तक उतरवून घेण्यापुरतेच सुरू ठेवावे. शब्दकोश आणि मोठा टाइप मात्र निःसंकोच वापरावा, कारण त्यांचा खर्च त्या क्षणापुरता असतो. पडद्याचा दिवा खिडकीपाशी बसल्यावर मालवता येईल. पण कोल्हापुरातल्या आषाढातील अंधारलेल्या दुपारी बॅटरी वाचवण्यासाठी डोळ्यांना ताण देऊ नये, असे मला मनापासून वाटते. चार्जिंग आठवड्यातून दोनदा करावे लागले तरी चालेल.

एवढे करून पंधरा दिवसांतही फरक पडला नाही, तर बॅटरीच जुनी झाली असण्याची शक्यता आहे; ती जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्यावी.